पाचोळ्यातलं फुलपाखरू: कॉमन ईव्हनिंग ब्राउन ओळखायचं कसं

रानवाटेवर पायाजवळून काहीतरी तपकिरी फडफडत उठतं, चार-पाच हात लांब जाऊन पाचोळ्यावर उतरतं आणि उतरल्या क्षणी दिसेनासं होतं. आपण डोळे ताणून बघत राहतो. जागा तर हीच होती! एक पाऊल पुढे टाकलं की पुन्हा तिथूनच उठतं.

सह्याद्रीतल्या जंगलात हा खेळ आपल्याशी बहुतेक वेळा कॉमन ईव्हनिंग ब्राउन खेळत असतं. शास्त्रीय नाव मेलॅनिटिस लेडा. हे दुर्मिळ नाही. आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत सापडतं, आणि आपल्याकडे दाट रानापासून भातखाचरांच्या बांधापर्यंत कुठेही भेटतं. तरी याचं नाव चुकतं ते सतत, आणि त्याच त्याच तीन प्रकारे. दिव्यावर आलेलं दिसलं की लोक त्याला पतंग ठरवतात. पावसाळ्यातलं आणि उन्हाळ्यातलं वेगळं दिसतं म्हणून एकाच फुलपाखराच्या दोन जाती लिहितात. आणि वाळक्या पानासारखं दिसलं की थेट ‘ब्लू ओकलीफ’ या दुसऱ्याच फुलपाखराचं नाव देऊन मोकळे होतात.

तिन्ही चुकांचं मूळ एकच आहे: बघायची सुरुवात रंगापासून होते. या फुलपाखराचा रंग हा सर्वांत कमी भरवशाचा पुरावा आहे. वेळ, जागा, बसण्याची ढब, पंखांची कड आणि मग ठिपके हा क्रम धरा. रंग शेवटी, आणि तोही फक्त नोंदीपुरता.

निघण्याआधीची तयारी

फार काही लागत नाही. थोडंफार झूम असलेला कॅमेरा किंवा बरा मोबाइल, लहान टॉर्च, वही-पेन्सिल आणि घड्याळ. यातलं घड्याळ लोक विसरतात. कातरवेळेच्या फुलपाखराची नोंद करायची आणि वेळ लिहायची नाही, म्हणजे निम्मी नोंद वाया. जवळचं फोकस होणारी दुर्बीण असेल तर उत्तमच, कारण पक्ष्यांसाठीच्या बऱ्याच दुर्बिणी तीन-चार मीटरच्या आत फोकस होत नाहीत आणि हे फुलपाखरू नेमकं तिथेच बसतं. आपली दुर्बीण किती जवळचं दाखवते हे घरीच तपासून घ्या.

कपडे मातकट रंगाचे, बूट घोट्याच्या वर येणारे. पावसाळ्यात जळवांसाठी मोजे लांब घाला.

त्या दिवसाची सूर्यास्ताची वेळ आधी बघून ठेवा. डोंगराच्या कुशीतल्या रानात अंधार पंचांगातल्या वेळेच्या आधी उतरतो, त्यामुळे पंचांगापेक्षा पाऊण तास लवकर जागेवर असलेलं बरं.

*सावधान:* याला शोधायचं म्हणजे पाचोळ्यात बघायचं, आणि पाचोळ्यात फुरसं आणि घोणसही असतात. त्यांचेही रंग पाचोळ्याचेच. फुलपाखरू उठवायला हाताने पानं चाळू नका, गुडघे टेकण्याआधी जागा टॉर्चने बघा, आणि संध्याकाळी एकट्याने जाऊ नका.

*आणखी एक:* अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात सूर्यास्तानंतर थांबता येत नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तिथे काहीही पकडता किंवा उचलता येत नाही. त्यामुळे कातरवेळच्या निरीक्षणासाठी गावाजवळची रानाची कड, बांबूचं बेट, ओढ्याकाठची झाडी निवडा. देवराई असेल तर आधी गावात विचारा. आत काय चालतं आणि काय नाही हे प्रत्येक गावाचं वेगळं असतं.

टप्पा १: दुपारी जागा हेरा

संध्याकाळी थेट जाऊन उभं राहण्यात अर्थ नाही. दिवसा हे फुलपाखरू सावलीत जमिनीलगत बसून असतं, म्हणून दुपारीच एक फेरी मारून ते कुठे आहे हे ठरवा.

बघायच्या जागा: दाट झाडाखालचा ओलसर पाचोळा, करवंदीच्या किंवा घाणेरीच्या जाळीचा तळ, बांबूच्या बुंध्याशी साचलेली पानं, मोरीचा अंधारा कोपरा, ओढ्याच्या काठावर उघड्या पडलेल्या मुळ्यांची खोबण. उन्हात, फुलांवर, वाटेच्या मधोमध शोधत बसू नका. याला फुलांचं फारसं आकर्षण नाही. फुलांच्या ताटव्याशी तासभर उभं राहून ‘इथे ईव्हनिंग ब्राउन नाहीत’ असा निष्कर्ष काढणारे मी पाहिले आहेत.

हळू चाला. दर पाच-सहा पावलांनी थांबा. फुलपाखरू तुमच्या चालण्याने उठतं, थांबण्याने नाही. त्यामुळे पाऊल उचलल्याबरोबर नजर पायाच्या पुढच्या दोन-तीन मीटरवर हवी.

*तपासा:* उठल्यावर ते कसं गेलं? ईव्हनिंग ब्राउन दिवसा उठवलं तर खालूनच, तुटक तुटक झेप घेत, थोडं अंतर कापतं आणि पुन्हा सावलीतच बसतं. सरळ वर शेंड्याकडे गेलं, किंवा उन्हात तरंगत राहिलं, तर बहुधा ते दुसरंच काही आहे.

टप्पा २: बसलेलं शोधा, उठवू नका

बहुतेकांची गाडी इथे घसरते. फुलपाखरू बसलं की लोक त्या दिशेने निघतात आणि ते पुन्हा उठतं. तीन-चारदा असं झालं की ते जाळीत शिरतं आणि दिवस संपतो.

असं करा. ते उतरताना दिसलं की जागेवरच थांबा. उतरलेल्या जागेजवळची एखादी ठळक खूण मनात धरा: पांढरा दगड, तुटकी काटकी, वेगळ्या रंगाचं पान. नजर तिथून हलवू नका. आता दुर्बिणीने किंवा कॅमेऱ्याच्या झूमने त्या खुणेभोवती हातभर जागा बारकाईने बघा. ‘फुलपाखरू’ शोधू नका. पाचोळ्यातलं उभं राहिलेलं पान शोधा. झाडावरून गळलेली पानं बहुतेक आडवी पडतात. हे फुलपाखरू पंख मिटून बसतं, म्हणून ते उभ्या पात्यासारखं दिसतं. बऱ्याचदा ते एका कुशीवर कललेलंही असतं, आणि त्यामुळे त्याची सावली आक्रसते.

सापडलं की लगेच एक फोटो काढा. लांबचा, अस्पष्ट, कसाही चालेल. मग दोन पावलं पुढे, दुसरा फोटो. असं टप्प्याटप्प्याने जा. जवळ जाताना तुमची सावली त्याच्यावर पडणार नाही अशा बाजूने या, आणि उभ्याने न जाता खाली वाकून जा.

*चूक:* पहिलाच फोटो जवळून काढायचा हट्ट. शंभरातल्या साठ वेळा हाती काहीच लागत नाही. (हा आकडा माझ्या चिडचिडीतून आलाय, मोजणीतून नाही.)

टप्पा ३: फुलपाखरू की पतंग?

तपकिरी रंग, सांजवेळ आणि दिव्याची ओढ यामुळे याला पतंग समजणं साहजिक आहे. ओसरीच्या दिव्यावर आलेलं दिसलं की शंका आणखी वाढते. तीन गोष्टी बघा.

पहिली, पंख. पंख पाठीवर उभे मिटलेले असतील तर कौल फुलपाखराकडे. मोठे तपकिरी पतंग सहसा पंख पसरून, भिंतीला किंवा खोडाला चिकटून बसतात.

दुसरी, मिशा. फुलपाखराच्या मिशीचं टोक जाड असतं हे सगळ्यांना पाठ असतं, आणि याच पाठांतराने इथे घोळ होतो. ईव्हनिंग ब्राउनच्या मिशीचं टोक अचानक गोळ्यासारखं फुगत नाही, सावकाश किंचित जाड होत जातं. साध्या डोळ्याला ते जाणवतही नाही. फोटो मोठा करून बघा. मिशी पिसासारखी दिसली किंवा टोकाकडे निमुळती होत गेली तर तो पतंग.

तिसरी, पाय. भिंतीवर बसलेलं असेल तर मोजा. हे फुलपाखरू निम्फॅलिडी कुळातलं आहे, या कुळात पायांची पहिली जोडी आखडलेली असते आणि चारच पाय टेकलेले दिसतात. पाचोळ्यात पाय दिसणं कठीण, पण दिव्याखालच्या भिंतीवर हा पुरावा आयता मिळतो.

टप्पा ४: आधी कड, मग आकार

आता पंखाचा काठ बघा. फोटो कृष्णधवल करून बघितला तर आणखी सोपं जातं. रंग बाजूला पडतो आणि नजर रेषेवर येते.

पुढच्या पंखाचं टोक गोल नसतं, तिरकं छाटल्यासारखं असतं. कोरड्या दिवसांतल्या फुलपाखरांत टोकाला आकड्यासारखा बाकही येतो. मागच्या पंखाच्या काठावर साधारण मध्यावर एक बोथट दात बाहेर आलेला दिसतो. याला शेपूट म्हणणं जरा जास्तच होईल, पण पुस्तकी वर्णनात तसंच म्हणतात. छाटलेलं टोक आणि बोथट दात ही जोडी मिळाली की तुम्ही मेलॅनिटिस या प्रजातीपर्यंत पोचलात.

पसरलेल्या पंखांची रुंदी साठ ते ऐंशी मिलिमीटर. बसलेल्या फुलपाखराची रुंदी मोजता येत नाही, म्हणून शेजारच्या एखाद्या पानासकट फोटो घ्या आणि ते उडून गेल्यावर त्या पानाची लांबी मोजा. साधी युक्ती आहे, पण नंतर ‘मोठं होतं की मध्यम’ हा वाद मिटतो.

*तपासा:* बसल्यावर पुढचा पंख मागच्या पंखाच्या आड सरकवलेला असतो का? निवांत बसलेलं ईव्हनिंग ब्राउन पुढचा पंख आत ओढून घेतं, मग त्याचं फक्त टोक बाहेर दिसतं. नुकतंच उतरलेलं असेल तर काही क्षण पुढचा पंख वर राहतो आणि त्यावरचा मोठा ठिपका दिसतो. फोटो त्याच क्षणी घ्यायचा.

टप्पा ५: ठिपके वाचा, पण महिना हाताशी ठेवून

सगळ्यात मोठा गोंधळ इथे आहे, म्हणून इथे सावकाश जाऊ.

या फुलपाखराची ऋतूनुसार दोन रूपं आहेत. पावसाळी रूपात मिटलेल्या पंखाचा रंग राखाडी-तपकिरी असतो, त्यावर गडद बारीक रेघोट्यांची दाट जाळी असते आणि कडेलगत डोळ्यांसारख्या ठिपक्यांची रांग असते. प्रत्येक ठिपका काळा, मध्ये पांढरा बिंदू, भोवती पिवळसर कडं. पुढच्या पंखावर चार, मागच्या पंखावर सहा. पुढच्या पंखावरचा टोकाकडचा ठिपका सर्वांत मोठा. मागच्या पंखावर वरच्या कोपऱ्यातला आणि खालच्या कोपऱ्याजवळचा हे दोन बाकीच्यांपेक्षा मोठे. सहाही ठिपके एका मापाचे दिसत असतील तर पुन्हा बघा.

कोरड्या दिवसांतल्या रूपात हे डोळे जवळजवळ नाहीसे होतात. राहतात ते टाचणीच्या टोकाएवढे बिंदू, तेही असले तर. बाकी पंख म्हणजे वाळकं पान: कधी गवती पिवळा, कधी विटकरी, कधी राखेसारखा, त्यावर काळे डाग, बुरशीसारखे पट्टे, मध्येच एखादी गडद पट्टी. शेजारी शेजारी बसलेली दोन फुलपाखरं एकमेकांसारखी नसतात. माझ्या जुन्या वहीत एकाच जानेवारीत, एकाच ओढ्यावर ‘तीन जाती’ लिहिलेल्या आहेत, प्रत्येकीपुढे छान वर्णनही आहे. तिन्ही हेच फुलपाखरू.

असं का होतं हे समजलं तर चूक होत नाही. पावसाळ्यात रान हिरवं असतं आणि फुलपाखरू हालचाल करत असतं. तेव्हा कडेचे डोळे भक्ष्य शोधणाऱ्याची नजर शरीरापासून दूर, पंखाच्या काठाकडे खेचतात. चोचीत काठाचा तुकडा जातो, फुलपाखरू वाचतं. कोरड्या दिवसांत ते बहुतेक वेळ वाळक्या पानांत निश्चल बसतं. तिथे चमकणारे डोळे उलट घात करतील, म्हणून पान होणं फायद्याचं. कोणतं रूप घ्यायचं हे अळी वाढते तेव्हाच्या परिस्थितीवर ठरतं. कोषातून बाहेर पडल्यावर फुलपाखरू रूप बदलत नाही. पावसाळी रूपातलं एखादं फुलपाखरू हिवाळा लागल्यावर भेटलं तर ते आधीच्या दिवसांत वाढलेलं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

*सावधान:* पाऊस संपताना, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात, मधली रूपं भेटतात. ठिपके आहेत पण बारीक, रेघोट्या आहेत पण विरळ. यांना तिसरी जात समजू नका. वहीत ‘मधलं रूप’ लिहा आणि पुढे चला.

*तपासा:* काठ फाटलेला आहे का? व्ही आकाराचा तुकडा गेलेला असेल तर तो डोळ्याच्या ठिपक्याजवळ आहे का ते बघा आणि लिहून ठेवा.

पंखांची वरची बाजू क्वचितच दिसते, पण दिसली तर सोनं. गडद तपकिरी पंख, पुढच्या पंखाच्या टोकाजवळ मोठा काळा डाग, त्यात दोन पांढरे ठिपके आणि डागाच्या आतल्या बाजूला नारिंगी-तांबूस कोर. कोरड्या दिवसांतल्या रूपात ही तांबूस कोर जास्त पसरलेली असते. उडताना एखाददुसऱ्या फोटोत ती सापडते, म्हणून उडतानाचे अस्पष्ट फोटो पुसून टाकू नका.

टप्पा ६: जुळ्यांना बाजूला काढा

*बुशब्राउन.* सर्वांत जास्त गफलत यांच्याशी. तेही तपकिरी, तेही सावलीत जमिनीलगत, त्यांनाही ठिपके आणि दोन रूपं. पण ते लहान असतात, चार ते साडेपाच सेंटिमीटर. मागच्या पंखाला दात नसतो, आणि बहुतेकांत दोन्ही पंखांवरून एक फिकट सरळ पट्टी वरून खाली जाते. पट्टी आणि गोल काठ दिसला की बुशब्राउन.

*ब्लू ओकलीफ.* वाळक्या पानाचं सोंग तेही घेतं, पण ते मोठं, नऊ-दहा सेंटिमीटरच्या घरातलं. पुढच्या पंखाचं टोक छाटलेलं नसतं, भाल्यासारखं अणकुचीदार असतं. मागच्या पंखाला देठासारखी शेपटी असते, आणि देठापासून टोकापर्यंत पानाच्या मधल्या शिरेसारखी एक गडद रेघ जाते. ही शीर नाही तर ब्लू ओकलीफ नाही. शिवाय ते झाडाच्या खोडावर जास्त दिसतं, आणि उडालं की निळा रंग लखकन चमकतो. ईव्हनिंग ब्राउन उडताना निळं कधीच दिसत नाही.

*ट्रीब्राउन.* बांबूजवळ भेटतात. मागच्या पंखावर मोठे, ठसठशीत ठिपके, आणि माद्यांच्या पुढच्या पंखावर तिरपा पांढरा पट्टा. तो पट्टा दिसला की प्रश्न मिटला.

*डार्क ईव्हनिंग ब्राउन.* खरी अडचण ही. सख्खं भावंड, तीच कड, तोच दात, तेच वागणं. पावसाळ्यात फरक करता येतो: कॉमनमध्ये खालची बाजू फिकट आणि डोळे स्पष्ट, पिवळ्या कड्यांचे. डार्कमध्ये खालची बाजू काळपट आणि डोळे बारीक, विझलेले. डार्क दाट, ओल्या रानाला जास्त धरून असतं. पण कोरड्या दिवसांत दोघंही पान होतात आणि मिटलेल्या पंखावरून फरक करणं फार अवघड जातं. अशा वेळी माझा सल्ला साधा आहे: ‘मेलॅनिटिस’ एवढंच लिहा. अर्धं पण बरोबर नाव हे पूर्ण पण चुकीच्या नावापेक्षा कितीतरी उपयोगी पडतं. हे लिहायला लोकांना कमीपणा का वाटतो मला कळत नाही. दक्षिणेकडच्या सह्याद्रीत याच प्रजातीतलं ग्रेट ईव्हनिंग ब्राउनही आहे. तिथे तर ही सावधगिरी दुप्पट हवी.

टप्पा ७: तिन्हीसांजेला थांबा

आता सवयी. दुपारी हेरलेल्या जागेजवळ, झाडीतल्या एखाद्या लहान मोकळ्या पट्ट्याच्या कडेला बसा. पाठ झाडीकडे, तोंड पश्चिमेच्या उरल्यासुरल्या उजेडाकडे. उडणाऱ्या फुलपाखराच्या मागे उजेड असला की त्याची आकृती स्पष्ट दिसते. टॉर्च बंद.

सूर्य गेल्यावर साधारण अर्धा तास हा याचा खरा वेळ. दिवसभर चार हातांवर जाऊन बसणारं फुलपाखरू अचानक बदलतं. उडणं वेगवान होतं, उंची वाढते, वाटेवरून ये-जा सुरू होते. नर एखाद्या पानावर किंवा जमिनीवर ठाणं मांडतात आणि जवळून काही गेलं की झेपावतात. दोन नर समोरासमोर आले तर एकमेकांभोवती घिरट्या घालत वर जातात, मग त्यातला एक परत त्याच जागेजवळ येऊन बसतो. अशी जोडी दिसली तर ती उठली कुठून आणि परत कोण कुठे बसलं हे बघा. हे एक निरीक्षण दहा फोटोंपेक्षा मोलाचं आहे.

वहीत पाच मिनिटांचे रकाने पाडा. प्रत्येक रकान्यात तीनच गोष्टी लिहा: किती दिसली, बसलेली की उडणारी, जोडीने की एकटी. अंधारात वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात.

*चूक:* पहिलं फुलपाखरू दिसल्याबरोबर त्याच्या मागे पळणं. त्या पंधरा मिनिटांत बाकीची पाच निसटतात. बसून राहा.

*चूक:* वटवाघळाला किंवा मोठ्या पतंगाला ईव्हनिंग ब्राउन म्हणून मोजणं. खात्री नसेल तर वेगळ्या रकान्यात टाका.

पहाटे झुंजुमुंजू होतानाही हे असंच उडतं. ज्यांना संध्याकाळ जमत नाही त्यांनी पहाट धरावी. एकच फरक, तेव्हा उजेड वाढत जातो आणि फुलपाखरं कुठे उतरून बसली ते शेवटी दिसतं. मग टप्पा २ तिथूनच सुरू करता येतो, आयता.

टप्पा ८: काय खातं ते शोधा

फुलांवर नाही, तर कुजक्या फळांवर आणि झाडाच्या पाझरणाऱ्या रसावर शोधा. उंबराखाली सडा पडलेला असेल, आंबट वास सुटलेला असेल, तर तिथे दुपारच्या सावलीतही भेटतं. रस पिताना ते बरंच ढिम्म असतं, त्यामुळे पाय आणि मिशा बघायला हीच वेळ चांगली.

असं झाड जवळ नसेल तर जास्त पिकलेलं, काळं पडलेलं केळं दोन दिवस आंबवून सावलीतल्या एका पानावर ठेवता येतं. ते आपल्या जागेत किंवा परवानगी असलेल्या जागेतच ठेवा, संरक्षित जंगलात नाही. दुपारी चारच्या सुमारास ठेवा, तीन-चार मीटरवरून बघा आणि निघताना उचलून न्या. मागे ठेवलेल्या आमिषावर रात्री रानडुकरं आणि उदमांजरं येतात, आणि त्यांना वाटेची सवय लागणं कुणाच्याच भल्याचं नाही.

टप्पा ९: गवतात अळी

हे फुलपाखरू अंडी गवतावर घालतं: रानगवत, भात, ज्वारी, ऊस, बांबू. पात्याच्या खालच्या बाजूला गोल, गुळगुळीत, फिकट, जरा चमकदार अंडी, एकेकटी किंवा थोडी एकत्र. अळी हिरवी, लांबट, पात्याच्या रेषेत पडून राहणारी. डोक्यावर दोन केसाळ शिंगं, मागे दुभंगलेली शेपटी. कोषही हिरवा, गुळगुळीत, पात्याला उलटा लटकलेला.

पातं उलटून बघताना तोडू नका, फक्त वाकवा. अळी शोधण्याआधी खाल्ल्याची खूण शोधा: पात्याच्या काठाकडून आत कुरतडलेली खाच.

*सावधान:* शिंगं दिसली म्हणजे ईव्हनिंग ब्राउन, असं नाही. बुशब्राउनच्या अळ्यांनाही आखूड शिंगं असतात आणि त्याही गवतावरच वाढतात. नुसत्या अळीवरून नाव लिहिताना ‘गवतावरची तपकिरी फुलपाखरांची अळी’ एवढ्यावर थांबायची तयारी ठेवा. भाताच्या खाचरात अळ्या बघायच्या असतील तर शेतकऱ्याला विचारूनच उतरा. त्याच्या दृष्टीने ती पानं खाणारी कीड आहे, आणि फवारणी कधी झाली हेही त्यालाच माहीत असतं.

टप्पा १०: नोंद

घरी आल्यावर लगेच लिहा, दुसऱ्या दिवशी नाही. एका फुलपाखराची एक नोंद. दुपारचं आणि संध्याकाळचं एकाच नोंदीत कोंबू नका, ते तेच होतं याची खात्री कुणालाच देता येत नाही.

नोंद अशी दिसावी: ‘१४ ऑगस्ट, संध्या. ६.५५. ओढ्याकाठी, बांबूखाली, पाचोळ्यावर. पंख मिटलेले, उजवीकडे कललेलं. पुढच्या पंखाचं टोक छाटलेलं, मागच्या पंखाला दात. मागच्या पंखावर सहा डोळे, पहिला आणि पाचवा मोठे. रेघोट्या दाट. वरची बाजू दिसली नाही. पावसाळी रूप.’ यात रंगाचा शब्दही नाही, तरी कुणीही जाणकार यावरून खात्रीने सांगू शकतो.

आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना सगळ्यात सुंदर फोटो पहिला लावायचा मोह होतो. पहिला फोटो काठ आणि दात दाखवणारा लावा. दुसरा ठिपक्यांचा, तिसरा आजूबाजूच्या जागेचा. संगणकाने सुचवलेलं पहिलं नाव डोळे मिटून स्वीकारू नका. कोरड्या दिवसांतल्या रूपाला तो कधी बुशब्राउन म्हणतो, कधी ओकलीफ. आधी स्वतःच्या वहीतलं नाव लिहा, मग संगणकाचं बघा. दोन्ही जुळत नसतील तर टप्पा ४ वर परत या आणि काठापासून पुन्हा बघायला सुरुवात करा.